३०१ लावूनही गुगलमध्ये जुनीच लिंक दिसते, आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहितो. तुमची मराठी रेसिपींची साइट दुसऱ्या सिस्टमवर होती, यूआरएल देवनागरीत, साधारण सातशे रेसिपी. ती आता वर्डप्रेसवर आणली, डोमेनही नवीन घेतलं, आणि जुन्या डोमेनवरून ३०१ (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणारा रीडायरेक्ट) लावून पाच आठवडे झाले. तरी गुगलमध्ये बऱ्याच ठिकाणी जुनी लिंक दिसते, काही रेसिपी तर गायबच झाल्यात, सर्च कन्सोल (साइट गुगलमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं टूल) शेकडो पानांपुढे 'पेज विथ रीडायरेक्ट' दाखवतंय. आणि कोणीतरी सांगितलं की ३०१ ने रँक कमी होतं, त्यापेक्षा सगळं होमपेजवर पाठवा आणि जुनं डोमेन सोडून द्या.

हा सल्ला अजिबात ऐकू नका. एवढ्या वर्षांत मी साइटी हलवल्या त्यात सर्वात जास्त नुकसान या दोनच गोष्टींनी झालेलं बघितलंय. उत्तर लांब होईल पण सातशे रेसिपींची मेहनत आहे, तेव्हा नीटच सांगतो.

मुळात रीडायरेक्ट म्हणजे सर्व्हरने दिलेलं एक उत्तर. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर पान द्यायच्या ऐवजी तीन आकडी कोड देतो आणि सोबत लोकेशन नावाच्या हेडरमध्ये नवा पत्ता देतो. माणूस असेल तर ब्राउझर त्याच क्षणी नव्या पत्त्यावर जातो आणि आपल्याला कळतही नाही. गुगलबॉटचं, म्हणजे गुगलसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामचं, तसं नसतं. तो नवा पत्ता टिपून ठेवतो, रांगेत टाकतो आणि सवडीने तिथे जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही ३०१ लावलाय हे गुगलला कळायला त्याला ती जुनी लिंक परत एकदा मागावी लागते. तुमची लोकप्रिय पानं तो दोन-चार दिवसांत मागतो, पण सात-आठ वर्षांपूर्वीची, वर्षातून एकदा आखाडात शोधली जाणारी एखादी रेसिपी असेल तर तिच्याकडे तो कितीतरी आठवडे फिरकत नाही. मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं सरकायला काही आठवडे लागतात असं गुगल स्वतःच सांगतं. म्हणजे पाच आठवड्यांनी थोड्या जुन्या लिंका दिसणं हे घाबरण्यासारखं नाही. शिवाय गुगलमध्ये साइट कोलन (site:) लिहून जुनं डोमेन शोधलंत तर त्या पुढे कितीतरी महिने दिसतील, कारण तुम्ही जुन्याच नावाने विचारताय आणि गुगलला ते नाव आठवतं, म्हणून तो ते दाखवतो. त्यावरून काही ठरवू नका. साधा शब्द शोधून बघा, 'तांबडा रस्सा कसा करायचा' वगैरे, आणि तिथे कुठली लिंक येते ते बघा.

आता गुगल आतमध्ये काय करतं ते समजून घेतलं की बाकी सगळं सोपं जातं. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर सापडला की गुगल ते पत्ते एका गटात घालतं आणि त्यातला एक मुख्य म्हणून निवडतं, त्याला कॅनॉनिकल म्हणतात. गटातल्या सगळ्यांची पुण्याई त्या एकाच्या नावावर जमा होते. रीडायरेक्ट हा या निवडीसाठीचा एक इशारा आहे. पर्मनंट असेल तर जोरदार, टेम्पररी असेल तर कमजोर. दुकानाच्या शटरवर 'आमचे दुकान समोरच्या गल्लीत स्थलांतरित झाले आहे' असा बोर्ड असेल तर आपण नवा पत्ता लक्षात ठेवतो, पण 'रंगकाम चालू आहे, तोवर शेजारी भेटा' असा कागद असेल तर पुढच्या वेळी आपण परत जुन्याच दुकानात जातो ना, तसंच. ३०१ म्हणजे पहिला बोर्ड, ३०२ म्हणजे दुसरा कागद.

३०८ आणि ३०७ हे यांचेच भाऊ, ३०८ कायमचा आणि ३०७ तात्पुरता. फरक एवढाच की फॉर्म भरून पाठवलेली माहिती ते जशीच्या तशी पुढे नेतात, ३०१ आणि ३०२ मध्ये ब्राउझर बरेचदा ती टाकून देऊन साधं पान मागतो. रेसिपीच्या साइटला काही फरक पडत नाही, ३०१ पुरे. सर्व्हरवर काहीच करता येत नसेल तर मेटा रिफ्रेश असतो, म्हणजे पानाच्या कोडमध्येच लिहिलेली 'इतक्या सेकंदांनी तिकडे जा' अशी सूचना. शून्य सेकंदांचा असेल तर गुगल तो कायमचा धरतं आणि थांबून जाणारा असेल तर तात्पुरता. जावास्क्रिप्टचाही समजतो, पण त्यासाठी आधी गुगलला पान ब्राउझरसारखं पूर्ण उघडावं (रेंडर करावं) लागतं, म्हणून तो सगळ्यात शेवटचा उपाय.

इथे एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. अपाची या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या रीडायरेक्ट कमांडमध्ये आकडा लिहिला नाही तर तो ३०२ होतो. पीएचपीत नुसतं लोकेशन हेडर पाठवलं तरी ३०२. वर्डप्रेसच्या स्वतःच्या रीडायरेक्ट फंक्शनलाही काही सांगितलं नाही तर ३०२. म्हणजे तुमचा डेव्हलपर प्रामाणिकपणे म्हणत असेल की रीडायरेक्ट लावलाय, ब्राउझरमध्ये चालतोही, पण प्रत्यक्षात तो तात्पुरता असतो. तेव्हा 'लावलाय' यावर विश्वास ठेवू नका, कोड कुठला येतो ते डोळ्याने बघा. कसं ते खाली सांगतो.

रँक जातं का? ही भीती जुनी आहे आणि तिला थोडा आधारही होता. २०१३ मध्ये गुगलचे मॅट कट्स यांनी सांगितलं होतं की ३०१ मधून जेवढी पेजरँक (लिंकांवरून गुगल पानाला देतं ते वजन) गळते तेवढीच साध्या लिंकमधूनही गळते. लोकांनी त्यातलं 'गळते' एवढंच लक्षात ठेवलं. मग २०१६ मध्ये गुगलच्याच गॅरी इलिअस यांनी स्पष्ट केलं की ३०१, ३०२ अशा ३० ने सुरू होणाऱ्या कुठल्याही रीडायरेक्टमुळे आता पेजरँक जात नाही. तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त राहा. साइट हलवल्यावर ट्रॅफिक पडतं ते बहुतेक वेळा ३०१ मुळे नाही तर त्याच्यासोबत जे बदललं त्यामुळे: मजकूर बदलला, फोटो गेले, आतल्या लिंका तुटल्या, नवी थीम जड झाली, किंवा रीडायरेक्ट भलत्याच पानावर गेला.

आणि 'पेज विथ रीडायरेक्ट' हा एरर नाहीच. गुगल फक्त कळवतंय की ही पानं दुसरीकडे जातात म्हणून मी ती इंडेक्स केली नाहीत, म्हणजे शोधाच्या यादीत घेतली नाहीत. जुन्या डोमेनच्या प्रॉपर्टीत (सर्च कन्सोलमधल्या त्या डोमेनच्या नोंदीत) हा आकडा वाढायलाच हवा, वाढतोय म्हणजे काम होतंय. काळजी कधी करायची, तर नव्या डोमेनच्या प्रॉपर्टीत हाच शेरा दिसला की, कारण मग तुमच्या साइटमॅपमध्ये (गुगलला दिलेल्या पानांच्या यादीत) किंवा आतल्या लिंकांमध्ये असे पत्ते आहेत जे परत कुठेतरी वळतात. 'रीडायरेक्ट एरर' असं वेगळं काही दिसलं तर मात्र ते खरंच बिघडलेलं आहे: साखळी फार लांब, गोल गोल फिरणारी, किंवा पत्ताच चुकीचा.

आता गायब झालेल्या रेसिपी. माझा अंदाज इथे पक्का आहे, कारण देवनागरी यूआरएल आणि वर्डप्रेस ही जोडी मी अनेकदा निस्तरली आहे. यूआरएलमध्ये देवनागरी आपल्याला दिसते पण आतून ती तशी जात नाही. प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं धरलं जातं, प्रत्येकाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह अधिक दोन कॅरेक्टर. म्हणजे एकेका चिन्हाला नऊ कॅरेक्टर. वर्डप्रेसमध्ये पोस्टच्या स्लगला, म्हणजे यूआरएलमधल्या पोस्टच्या नावाला, मर्यादा आहे २०० कॅरेक्टरची. इंग्रजीला ती भरपूर आहे, मराठीत मात्र बावीस चिन्हांत संपते. 'कोल्हापुरी तांबडा पांढरा रस्सा' घ्या. कोल्हापुरी मध्ये १० चिन्हं, तांबडा मध्ये ६, पांढरा मध्ये ६, झाली २२, त्यांचे १९८ आणि मधल्या दोन डॅशचे २, बरोबर २००. रस्सा बाहेर! तुमच्या जुन्या साइटवर पूर्ण नाव होतं, नव्या साइटवर 'कोल्हापुरी-तांबडा-पांढरा' एवढंच राहिलं, आणि रीडायरेक्ट 'डोमेन बदला, पुढचं तसंच ठेवा' असा एका ओळीचा असेल तर तो रस्सा असलेल्या पत्त्यावर जातो जो नव्या साइटवर अस्तित्वातच नाही. कधी वर्डप्रेस अंदाजाने जवळचं पान शोधून देतं, कधी ४०४ देतं, म्हणजे 'पान सापडलं नाही'. छोट्या नावाच्या रेसिपी चालतात, मोठ्या नावाच्या गायब होतात. तुमच्या गायब झालेल्यांची नावं बघा, लांब आहेत का ते मला कळवा.

दुसरा घोळ याच्याहून छुपा आहे कारण तो डोळ्याला दिसतच नाही. पुऱ्या, भाकऱ्या, कुरकुऱ्या या शब्दांतला अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ घेऊन, आणि दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडणारं चिन्ह घालून. दिसायला अगदी सारखे, कॉम्प्युटरसाठी वेगळे. तसाच ॲ. कुठला कीबोर्ड तो एका चिन्हात लिहितो, कुठला अ आणि त्यावर चंद्र असा दोन चिन्हांत. जुन्या साइटवर एका कीबोर्डने लिहिलं आणि नव्या साइटवर शीर्षक दुसऱ्याने परत टाइप केलं तर पत्ते जुळत नाहीत, आणि तासन्‌तास बघूनही चूक सापडत नाही. एका जुन्या मराठी नियतकालिकाच्या साइटवर यात माझे अख्खे तीन दिवस गेले होते, कारण मी प्रत्येक वेळी स्क्रीनवर बघून म्हणत होतो की हे तर सारखंच आहे.

तिसरं, तुमच्या डेव्हलपरसाठी. अपाचीत रीराइटचा नियम लिहिताना टक्केवाली यूआरएल जशीच्या तशी पेस्ट करू नका. नियम तपासायच्या आधी सर्व्हर ती उलगडतो, त्यामुळे नियमात खरी देवनागरी अक्षरंच लिहावी लागतात आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह असावी लागते. पुढच्या पत्त्यात मात्र टक्केवालं रूप द्यायचं असेल तर एनई हा फ्लॅग लावा, नाहीतर टक्क्याच्या चिन्हाचंच परत एन्कोडिंग होतं, म्हणजे टक्क्याच्या पुढे २५ चिकटतो आणि पत्ता वाया जातो. यूआरएलमध्ये २५ ची अशी गर्दी दिसली की समजा हेच झालंय.

उपाय एकच, थोडा कष्टाचा: एका ओळीचा नियम काढा आणि पत्त्याला पत्ता अशी यादी करा. एक शीट घ्या, डाव्या रकान्यात जुनी लिंक, उजव्या रकान्यात नवी. जुन्या लिंका जुन्या साइटमॅपमधून मिळतील, तो नसेल तर सर्च कन्सोलच्या जुन्या प्रॉपर्टीतून. तिथे १६ महिन्यांचा डेटा असतो आणि एका वेळी १००० ओळी उतरवता येतात, तुमच्या सातशे त्यात बसतात. नव्या लिंका वर्डप्रेसमधून एक्स्पोर्ट करा. जोड्या लावताना यूआरएल जुळवू नका, रेसिपीच्या नावावरून किंवा जुन्या आयडीवरून जुळवा. आणि पुढच्यासाठी म्हणून सांगतो, नव्या रेसिपींचा स्लग हाताने छोटा करत जा. मराठीत ठेवा, काही बिघडत नाही, गुगलला मराठी यूआरएल समजते, पण दोन-तीन शब्दांत. आधी छापलेल्यांचे स्लग मात्र आता परत बदलू नका, एक हलवाहलव पचू दे.

आता होमपेजवर पाठवायचं का. समजा कोणी उकडीचे मोदक शोधत आलं आणि त्याला होमपेजवर नेऊन सोडलं, तर तो बाहेर जातो. गुगललाही ते कळतं. मागितलेल्या पानाशी संबंध नसलेल्या ठिकाणी रीडायरेक्ट जात असेल तर गुगल त्याला सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं, आणि त्या जुन्या पानाला लोकांनी दिलेल्या लिंकांची पुण्याई होमपेजला मिळत नाही. म्हणजे वाचकही गेला आणि रँकही. रेसिपी नव्या साइटवर असेल तर तिच्यावरच पाठवा, अगदी जवळची दुसरी असेल तर तिच्यावर, आणि काहीच नसेल तर सरळ ४०४ किंवा ४१० (पान कायमचं काढलंय) द्या. ४०४ ही लाज वाटायची गोष्ट नाही, खरं उत्तर आहे ते.

साखळीकडे पण लक्ष द्या. जुना एचटीटीपी पत्ता आधी एचटीटीपीएसवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, तिथून नव्या डोमेनवर, तिथून शेवटी स्लॅश लावून परत, असे चार टप्पे मी कितीतरी साइटींवर बघतो. गुगलबॉट १० टप्प्यांपर्यंत जातो, त्यामुळे चारने लगेच काही कोसळत नाही, पण गावाकडे मोबाइलवर कमी रेंजमध्ये बसलेल्या बाईला प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजावा लागतो. जुन्या पत्त्यावरून थेट शेवटच्या पत्त्यावर, एकाच उडीत, असं करून घ्या.

बाकीचे इशारेही रीडायरेक्टच्याच दिशेने हवेत. डेटाबेस उचलून नव्या साइटवर टाकला की बरेचदा पानाच्या कॅनॉनिकल टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली 'मुख्य पत्ता हा' अशी नोंद) जुनंच डोमेन राहून जातं. मग जुनं पान म्हणतं नव्याकडे जा आणि नवं म्हणतं मुख्य पान जुनंच. यात गुगलने काय समजायचं? एखाद्या पानाचा सोर्स उघडून बघा. रेसिपींच्या आतल्या एकमेकींना दिलेल्या लिंका, फोटोंचे पत्ते, साइटमॅप, सगळीकडे नवीन डोमेन हवं. आणि जुन्या डोमेनच्या रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने काय मागायचं, काय नाही ते सांगणारी फाइल) गुगलला बंदी घालू नका. लोक 'जुनं आता नको' म्हणून ती घालतात, पण बंदी असली की गुगल जुनी लिंक मागतच नाही, आणि मागितली नाही तर रीडायरेक्ट त्याला दिसणार कसा. सर्च कन्सोलच्या रिमूव्हल टूलने जुन्या लिंका काढायच्याही भानगडीत पडू नका, नवी लिंक जागा घेईपर्यंत त्या जुन्या लिंकवरूनच तुमच्याकडे माणसं येतायत.

जुनं डोमेन किती दिवस ठेवायचं? गुगल म्हणतं शक्य तितका जास्त काळ, निदान एक वर्ष. मी म्हणतो जोवर रिन्यूअलचे पैसे परवडतात तोवर. गुगलने सगळं नव्या नावावर चढवलं तरी तुमच्या रेसिपीची लिंक कोणाच्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये, कोणाच्या वहीत, कोणा वाचकाच्या बुकमार्कमध्ये आहे, ती गुगल बदलणार नाही. डोमेन सोडलं की ते दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि त्यावर काय वाट्टेल ते टाकू शकतो, तुमच्या नावावर आलेली माणसं तिथे जाऊन पडतात. आणि डोमेन ठेवणं म्हणजे नुसतं रिन्यू करणं नाही, त्याचं एसएसएल सर्टिफिकेटही चालू हवं. एचटीटीपीएस लिंक उघडताना सर्टिफिकेट आधी तपासलं जातं आणि रीडायरेक्ट नंतर मिळतो. सर्टिफिकेट संपलेलं असेल तर वाचकाला लाल इशारा दिसतो आणि तुमचा ३०१ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. लेट्स एन्क्रिप्टचं असेल तर ते ९० दिवसांत संपतं, जुन्या डोमेनसाठीही ते आपोआप रिन्यू होतंय ना हे होस्टिंगवाल्याला विचारून घ्या.

चेंज ऑफ ॲड्रेस टूल, म्हणजे डोमेन बदललं हे गुगलला कळवायचं टूल, वापरलंय का ते तुम्ही लिहिलं नाही. ते सर्च कन्सोलमध्येच आहे, दोन्ही डोमेन एकाच गुगल अकाउंटवर व्हेरिफाय असायला हवीत, आणि वापरल्यावर गुगल १८० दिवस नव्या साइटला प्राधान्य देत जुन्याचे इशारे तिकडे वळवतं. हे फक्त डोमेन बदलल्यावर वापरायचं, एचटीटीपीवरून एचटीटीपीएसला गेलात तर नाही. पण आधी वरची यादी दुरुस्त करा, मग हे दाबा.

तुम्ही शेवटी विचारलंय की इंग्रजी पानं सुरू केली तर परदेशातल्या लोकांना आपोआप इंग्रजीवर पाठवू का. कृपया नको. गुगलबॉट बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो आणि भाषा कुठली हवी ते सांगणारा हेडर पाठवत नाही. देश बघून वळवलंत तर तो कायम इंग्रजीच बघेल आणि मराठी पानं त्याला कधी दिसणारच नाहीत. शिवाय न्यू जर्सीत बसून पुरणपोळी शोधणाऱ्या मराठी माणसाला मराठीच हवी असते. वर एक लिंक द्या, 'इंग्रजीत वाचा', आणि दोन्ही पानांवर एचआरईएफलँग टॅग लावा, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गुगलला कळतं.

तपासायचं कसं ते राहिलं. नेहमीच्या ब्राउझरमध्ये तपासू नका, तो ३०१ लक्षात ठेवतो, तुम्ही सर्व्हरवर दुरुस्त केलं तरी तो जुन्याच जागी नेत राहतो आणि आपण उगाच डोकं आपटतो. म्हणून नवा नियम आधी ३०२ ने लावून बघायचा, बरोबर निघाला की ३०१ करायचा. टर्मिनल उघडता येत असेल तर कर्ल कमांडने फक्त हेडर मागवा, प्रत्येक टप्प्याचा कोड आणि पत्ता दिसतो. नसेल तर इन्कॉग्निटो विंडोमध्ये डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क टॅब उघडा, प्रिझर्व्ह लॉगवर खूण करा आणि जुनी लिंक टाका. तिथे एचटीटीपी पत्त्याला ३०७ दिसला आणि तुम्ही तो लावलेला नसेल तर दचकू नका, साइटला एचएसटीएस (ब्राउझरला 'इथे फक्त एचटीटीपीएसच वापर' असं सांगणारी सूचना) असेल तर तो क्रोमने स्वतःच आतल्या आत केलेला असतो, तुमच्या सर्व्हरचा नव्हे.

आज एवढंच करा: गायब झालेल्यांपैकी दहा रेसिपी घ्या, त्यातल्या पाच लांब नावाच्या आणि अर्धा ऱ असलेल्या असतील तर त्याही घ्या, प्रत्येकीची जुनी लिंक वरच्या पद्धतीने उघडा आणि कुठला कोड येतो, किती टप्पे होतात, शेवटी कुठल्या पानावर पोचतं ते शीटमध्ये लिहा. ती शीट मला दाखवा, नियम कसा लिहायचा ते मग आपण त्यावरून ठरवू.